घरी येऊन मी करू काय?

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

महिनाअखेरीला तू फौजेतून कायमचा घरी येणार. रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "अण्णा, घरी येऊन मी करू काय?" मी "आधी ये तर, मग बघू" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडं दिला. ते काही उत्तर नव्हतं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण कुणा पोराचा प्रश्न असा टाळल्याचं आठवत नाही. पोटच्या लेकराचा टाळला, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवर हे बोलणं जमलंच नसतं.

पहाटे उठून पोटमाळ्यावरची तुझ्या आजोबांची, आबांची काळी ट्रंक खाली काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा, नाव. रंग उडालाय, पण नंबर अजून वाचता येतो. लहानपणी तू त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसायचास. आत लोकरीची हिरवी जर्सी आहे, कसर लागून चाळणी झालेली. एका डबीत पूर्वी स्टार आहे. १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर जे जे होते त्यांना मिळालेलं पदक, म्हणजे शौर्याचं वेगळं असं काही नाही. आणि तळाशी वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या तीन दोनशेपानी वह्या. तुला ट्रंक माहीत आहे, जर्सी माहीत आहे. वह्या माहीत नाहीत. आबा गेले २०११ला, तेव्हा तू सीमेवर होतास आणि आलास तो तेराव्याला. चार दिवसांत कोण कुणाला वह्या दाखवणार.

तू आता छत्तीस वर्षांचा आहेस. आबा घरी आले तेव्हा पस्तीसचे होते, साल १९८१. मी पंधरा वर्षांचा, नववीत. एसटीनं फाट्यावर उतरले आणि आम्ही दोघं तीन किलोमीटर चालत गावात आलो, ट्रंक त्यांच्या डोक्यावर, बिस्तरा माझ्या. वाटेत एका माणसानं विचारलं, "सुट्टीवर का फौजी?" आबा म्हणाले, "नाही, आता कायमचंच." तो "बरं झालं" म्हणाला आणि बैलं घेऊन पुढं गेला. स्वागत म्हणावं तर एवढंच. घरी मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं.

तुझ्यासाठी पोरांनी वेगळं ठरवलंय. उघडी जीप, फेटे, हलगी, फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत मिरवणूक. वर्गणीही गोळा झाली. तू नको म्हणतोयस हे तुझ्या आईनं मला सांगितलं. का नको म्हणतोयस तेही मला माहीत आहे, त्यावर पुढं लिहितो. पण माझं ऐक, पोरांना नाही म्हणू नकोस. त्यांतल्या निम्म्यांना भरतीला उतरायचंय. त्यांना आपल्या गावातला, आपल्यासारखीच ज्वारीची भाकर खाऊन वाढलेला माणूस वर्दीत बघायचाय. तासाभराचं काम आहे. जीपवर उभा राहा, हात जोड, पारापाशी खाली उतर.

मिरवणुकीपेक्षा मला तुला आबांच्या पुढच्या दोन वर्षांचं सांगायचंय, कारण ते घरात कुणी बोलत नाही.

ते चार वाजता उठायचे. दाढी करायचे. बूट घासायचे. इतके घासायचे की टोकात तोंड दिसावं. आणि मग बूट उंबऱ्याशी ठेवून अंगणात उभे राहायचे, कारण पुढं कुठं जायचंच नव्हतं. माय चुलीपुढून विचारायची, "काय बघलालाव?" उत्तर नाही. शेतात गेले तर भावकीशी बांधावरून भांडण. बैलाला कधी मारलं नाही, पण माणसांवर ओरडायचे. एकदा मी जेवताना उठून पाणी आणायला उशीर केला तर ताट भिंतीवर फेकलं. रात्री झोपेत मोठ्यानं नावं घ्यायचे, आमच्या कुणाच्या ओळखीची नसलेली. त्यात पेन्शन अडकली. कागदावर आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं, तेवढ्यासाठी एका कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. तेव्हा लातूर जिल्हा झाला नव्हता, तो झाला ऑगस्ट १९८२मध्ये. त्याआधी प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे, एक दिवस मोडायचा आणि संध्याकाळी "पुढच्या आठवड्यात या" घेऊन परतायचं. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत ज्यानं बंदूक खाली ठेवली नाही तो माणूस त्या खिडकीपुढं रुमालानं तोंड पुसत उभा असलेला मी बघितलाय. शर्टाची वरची गुंडी लावलेली, पाय सावधानमध्ये.

हे मी का सांगतोय? तुलाही असं होईल. झालं तर तुझ्यात काही बिघडलंय असं समजू नकोस, आणि सूनबाईपासून लपवू नकोस. मायनं ती दोन वर्षं एकटीनं काढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं की असं होत असतं. मी सूनबाईला सांगून ठेवलंय.

आता जमालपूर. गावात कुणीही आबांना लढाईचं विचारलं की ते एकच गोष्ट सांगायचे, आणि तीही पत्राची. जंगी पलटण, म्हणजे आपली पहिली मराठा, १७६८ला उभारलेली, तिनं डिसेंबर १९७१मध्ये ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं रस्ता अडवला होता. पलटणीचे सीओ, म्हणजे प्रमुख, होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. ते घेऊन एक म्हातारा बंगाली माणूस गेला. उत्तर आलं ते एका गोळीभोवती गुंडाळून. त्यांच्या कर्नलनं लिहिलं होतं, पुढच्या खेपेला तुमच्या हातात पेनाऐवजी स्टेनगन दिसावी, पेन तुम्ही छान चालवता. आबा हे सांगताना खळखळून हसायचे. ऐकणारेही हसायचे, आणि मग विचारायचे, "पुढं?" आबा म्हणायचे, "पुढं काय, ११ तारखेला सकाळी जमालपूर आपलं." आणि उठून जायचे.

मधली १०-११ डिसेंबरची रात्र त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी बाप झाल्यावर, तू पाळण्यात असताना. ती पाकिस्तानी फौज अंधारात आपण अडवलेल्या रस्त्यानंच बाहेर पडायला बघत होती आणि आपल्या मशीनगना रस्त्यावर लागलेल्या होत्या. सकाळी उजाडलं तेव्हा रस्त्यावर शेकड्यानं माणसं पडली होती. त्यात जिवंत कोण आहे ते बघत आबा आणि त्यांच्या सेक्शनमधले दोघं फिरले. आपला-त्यांचा असं त्या वेळी कुणी बघितलं नाही म्हणाले. एका बलुची पोरानं त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायलं आणि बाटली परत देताना "शुक्रिया उस्ताद" म्हणाला. नंतर तो जगला की नाही त्यांना कळलं नाही. हे सांगून झाल्यावर आबांनी तुझा पाळणा बराच वेळ हलवला.

त्यांच्या पलटणीचा एक मोठा माणूस होता, नामदेव जाधव. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ला त्यांनी जे केलं त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २३. शत्रूच्या मशीनगनच्या तीन चौक्या एकट्यानं बंद केल्या, हाताला गोळी लागली तर टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले, आणि शेवटी बंधाऱ्यावर उभं राहून "शिवाजी महाराज की जय" अशी आरोळी देऊन मागच्या कंपन्यांना पलीकडं बोलावलं. बरॅकमध्ये नव्या पोरांना हे पाठ असायचं. पण आबा मला म्हणायचे, त्या तीन चौक्यांच्या आधीचं बघ. आधी त्यांनी कंपनीतल्या दोन जखमी माणसांना, एकेकाला, खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून मागं आणून सोडलं. दोन खेपा. पहिल्या खेपेनंतर ते मागच्या मागं थांबले असते तर कुणी बोल लावला नसता. आबांचा जीव त्या दुसऱ्या खेपेवर होता. नामदेवराव पुढं हवालदार झाले, १९८४ला गेले. युद्ध संपल्यावर जवळजवळ चाळीस वर्षं जगले ते. आपल्याला त्यांच्या आयुष्यातली एकच सकाळ पाठ आहे.

तसेच सेकंड लेफ्टनंट राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे इंजिनिअर्सचे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेल्या पहिल्या माणसांपैकी ते एक. एप्रिल १९४८ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर ८ तारखेलाच तोफगोळ्यानं त्यांचे दोन जवान गेले आणि राणेंसकट पाच जखमी झाले. तरी पुढचे दिवस ते रस्ता मोकळा करत राहिले. सुरुंग काढले, आडवी टाकलेली पाइनची झाडं उडवली, रणगाड्यांना वळणवाट करून दिली. १२ तारखेला फौज राजौरीत पोचली. म्हणजे बघ, परमवीर चक्र मिळालं ते वाट करून दिल्याबद्दल. १९६८ला मेजर म्हणून ते निवृत्त झाले, मग पुन्हा नेमणुकीवर १९७१पर्यंत लष्करातच होते, १९९४ला पुण्यात वारले. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज झालं, कारवारला किनाऱ्यावर पुतळा झाला, २०२३मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं. हे सगळं चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण बेट झालेल्या माणसाला उद्या सकाळी काय करू असा प्रश्न पडत नाही. तुला पडलाय.

आता तुझ्या मनातलं. तू ते प्रशस्तिपत्रक कपाटात साड्यांखाली ठेवलंयस हे तुझ्या आईला दिवाळीच्या आवराआवरीत कळलं. तिनं ते पुन्हा तसंच ठेवलं. आरआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रायफल्समध्ये, असताना तू जोडीदाराला पाठीवर घेऊन नाला उतरलास आणि तो दवाखान्यात वारला, हे आम्हाला तुझ्याकडून नाही, तुझ्या मित्राकडून कळलं. तू मिरवणूक नको म्हणतोस ते त्याच्यामुळं. तो वाचला असता तर तू जीपवर चढला असतास.

म्हणून मला तुला आबांची पहिली वही दाखवायचीय. ती किल्लारीची आहे.

३० सप्टेंबर १९९३. तू चार वर्षांचा होतास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन गरगरली. आपलं घर तडकलं, पण उभं राहिलं. तुला आणि तुझ्या आईला बाभळीखाली बसवून मी मागं वळलो तर आबा ट्रॉलीत सामान भरत होते. पहारी, टिकाव, फावडी, घमेली, दोर, कंदील. आणि चुन्याची पिशवी. मला कळेना चुना कशाला. नऊ पोरं, मी आणि आबा. किल्लारीच्या बाजूला निघालो. आपल्यापासून सोळा किलोमीटर. जसजसं जवळ गेलो तसतशी ट्रॉलीतली पोरं बोलायची बंद झाली.

तिकडची घरं आपल्यासारखीच होती, माळवदाची. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, आणि वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार. त्या भिंतींत दगडाला दगड बांधलेला नव्हता, आत गोटे आणि चिखल भरलेला. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. सिमेंटचं छत पडलं तर खाली पोकळी राहते. मातीच्या ढिगात पोकळी राहत नाही. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं अशी गेली.

आम्ही पोचलो तेव्हा जो तो आपापल्या ढिगावर हातानं माती उकरत होता आणि रडत होता. आबा एका ढिगावर चढले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. त्यांनी परेडवर देतात तसा आवाज दिला, "सगळे गप्प!" मी त्यांचा तो आवाज आधी ऐकला नव्हता. माणसं खरंच गप्प झाली. आबांनी पहार ढिगात हळूहळू फिरवत खाली घातली आणि वरच्या टोकाला कान लावून बसले. हाताचा पंजा वर केलेला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पहार काढून दोन हात पलीकडं घातली, पुन्हा कान. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्यांनी बोटानं खाली दाखवलं, तोंडानं काही बोलले नाहीत.

दुपारपर्यंत तिथून एक बाई जिवंत निघाली. तुळई आडवी पडून तिच्या छातीवर वीतभर जागा राहिली होती. तोंडातली माती काढल्यावर तिनं पहिलं विचारलं, "म्हस सोडली का कुणी?"

जिथं बघून झालं त्या ढिगावर आबा चुन्यानं फुली मारायचे, म्हणजे दुसरं कुणी तिथं पुन्हा वेळ घालवणार नाही. चुना त्याच्यासाठी. आणि प्रत्येक घराचं नाव वहीत. पानाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडं "मिळाले", उजवीकडं "गेले". तिसऱ्या दिवशी पाऊस होता, लष्कराची तुकडी आमच्या आळीला आली. एका तरुण साहेबानं फुल्या बघून विचारलं, "ये किसने किया?" आबा पुढं झाले. "कौन सी यूनिट?" "फर्स्ट मराठा, जंगी पलटण, साब." त्या साहेबानं मान डोलावली आणि दहा जवान त्यांच्या हाताखाली देऊन पुढची आळी दाखवली. आबांच्या अंगात चार माणसांचं बळ आलं.

ती वही आज माझ्यापुढं उघडी आहे. डावीकडं सात नावं आहेत. उजवीकडची अकरा पानं भरलीत. अक्षर मात्र दोन्हीकडं सारखंच आहे, घाई कुठंच नाही. उजवीकडचं एकही नाव त्यांनी अर्धं लिहिलेलं नाही, वडिलांच्या नावासकट पूर्ण. तुझ्या त्या जोडीदाराचं नाव तू घरात कधी उच्चारलेलं नाहीस. आलास की सांग. त्याच्या आईवडिलांना भेटायला जायचं असेल तर मी बरोबर येईन.

दुसरी वही पोरांची आहे. १९८३ सालापासून आबांनी माळावर पहाटे पोरं पळवायला घेतली, ते मिटले तोपर्यंत. पोराचं नाव, छाती, धावण्याची वेळ, आणि शेवटी एकतर "लागला" किंवा "शेती". "लागला" अशी एकतीस नावं. एकतिसावं तुझं. ज्यांच्यापुढं "शेती" लिहिलंय त्यांच्याकडंही ते वर्षातून एकदा जायचे, पाऊसपाण्याचं विचारायला.

एक बाजूची गोष्ट सांगतो, आठवली म्हणून. माझ्या पाठीच्या दुखण्यासाठी आम्ही सोलापूरला जायचो, तेव्हा एसटी नळदुर्गात शिरली की आबा सीटवरून उठून उभे राहायचे. भरल्या गाडीत मला लाज वाटायची. एकदा विचारलं. म्हणाले, १३ सप्टेंबर १९४८ला इथं हवालदार बच्चित्तर सिंग पडला, शीख पलटणीचा. त्याला अशोक चक्र मिळालं. पंजाबातला माणूस आपल्याला निजामातून सोडवायला आला आणि इथं राहिला, त्याच्यासाठी मिनिटभर उभं राहिलं तर काय झिजतं? चार दिवसांनी, १७ला, मराठवाडा मोकळा झाला. तेव्हापासून नळदुर्ग आलं की मीही उठतो.

तिसरी वही सगळ्यांत जाड आहे आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. आबांची स्वतःची पेन्शन सुरू झाली त्याच आठवड्यात शेजारच्या गावातली एक विधवा बाई त्यांच्याकडं आली. मालक फौजेत असताना गेलेला, तिला महिन्याला काहीच मिळत नव्हतं, आणि पत्र इंग्रजीत आलं होतं. आबांना इंग्रजी बेताचंच. शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं, मग तिला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात गेले, मग रेकॉर्ड ऑफिसला बेळगावला अर्ज धाडला. आठ महिन्यांनी तिचं काम झालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवी वही काढली आणि मला म्हणाले, "बलुचचा कर्नल बरोबर बोलला होता. पेन चालवता आलं पाहिजे." त्यानंतर अंगणात नुसते उभे असलेले आबा मला दिसले नाहीत. दर शनिवारी सकाळच्या गाडीनं लातूर, पिशवीत दुसऱ्यांचे कागद. हयातीचा दाखला, नावातली दुरुस्ती, पोरांची शिष्यवृत्ती, अपंगत्वाची पेन्शन. जे हेलपाटे त्यांना बसले होते ते दुसऱ्याला बसू नयेत एवढंच त्यांच्या डोक्यात. आपल्या तालुक्यात त्यांचा पुतळा नाही, मागायचा विचारही आमच्या मनात आला नाही. पण त्यांच्या माती-सावडण्याला ज्या बायका आल्या होत्या, त्यांना बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत.

मुरलीकांत पेटकरांचं तुला ठाऊकच आहे. पेठ इस्लामपूरचे, लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दलातले जवान, मुष्टियोद्धे. १९६५ला गोळ्या लागून कमरेखालून अधू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं, भारताचं पहिलं वैयक्तिक. पद्मश्री मिळाली २०१८ला. अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत. या मधल्या वर्षांत ते पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते, घर चालवत होते. मला त्यांच्या पदकाइतकीच ती नोकरीची वर्षं मोठी वाटतात. शाळेत मी पोरांना दोन्ही सांगायचो.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. पेन्शनचा निम्मा भाग विकता येतो, म्हणजे एकरकमी पैसा हातात येतो आणि पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. सगळा विकू नकोस. पैसा आला की पाहुणे येतील, प्लॉटवाले येतील, दामदुप्पटवाले येतील. मोठी गाडी घेऊ नकोस, निदान पहिलं वर्ष. सिक्युरिटीच्या नोकरीला पुण्याला बोलावतायत म्हणालास. त्यात कमीपणा काही नाही, कष्टाची भाकरी आहे. पण बारा तास दुसऱ्याच्या गेटवर उभं राहायच्या आधी सहा महिने घरी राहा. लेकराला बाप सुट्टीपुरताच माहीत आहे. शेतीवर मात्र विसंबू नकोस, हे मी बाप असून सांगतो. चार एकर, बोअरला मार्चनंतर पाणी नाही, सोयाबीनचा भाव तू बघतोसच. शेती जोडीला ठेवायची.

आणि एक काम माझ्यानं होईना झालंय. वरच्या वस्तीवरच्या काकूंचे मालक श्रावणात गेले. नायक म्हणून रिटायर झालेले. काकूंचं नाव लष्कराच्या नोंदीत, पार्ट टू ऑर्डरमध्ये, माहेरचं लागलंय, आधारवर सासरचं. त्यामुळं फॅमिली पेन्शन अडून बसलीय. आता सगळं स्पर्श या फौजी पेन्शनच्या वेबसाइटवर कॉम्प्युटरनं करायचं असतं. मी दोनदा प्रयत्न केला, ओटीपी येईपर्यंत पान बंद होतं. आबांची पद्धत मला येते, ही नवी येत नाही. तुला येते, तू तुझ्या कंपनीत क्लार्कसाहेबांबरोबर पोरांचं हेच करत होतास.

काकूंना मी सांगितलंय की पोरगा महिनाअखेरीला येतोय. काल संध्याकाळी त्या कागदांची पिशवी घरी ठेवून गेल्या. ट्रंकेवरच ठेवलीय, तिसऱ्या वहीशेजारी. वहीची शेवटची बावीस पानं कोरी आहेत.

येताना आईसाठी गरम शाल आण, पहाटेचा गारवा तिला सोसत नाही.

तुझे,
अण्णा